आंदणाची वाटी अन् वेगळं राहायचं वर्ष

मनीषनगर, नागपूर
नवतपा चालू आहे, नऊ दिवसांची भट्टी (तारीख देता येत नाही, कॅलेंडर खालच्या मजल्याच्या वाट्याला गेलं आहे)

तीर्थस्वरूप भैयाजी यांच्या सेवेशी,

बाबनरावाचा नमस्कार. वयानं तुम्ही वडील म्हणून साष्टांग घातला असं समजावं; नात्यानं मी तुमच्या घरचा जावई, म्हणून कंबरेपर्यंतच वाकलो, हेही समजून घ्यावं. (गुडघे तसेही टेकवत नाही. टेकले तर उठवायला माणूस लागतं, अन् वर मी एकटाच.) तुळसावहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून बरं वाटलं. मला कोणी कळवलं नाही, जिन्यातून ऐकू आलं. तुमचा माग अजून चालतो ना? गल्लीत खटखट आता तुमच्या एकट्याच्याच घरची, असं तुमची बहीण पुष्पलता फोनवर कोणाला तरी सांगत होती. आम्ही इकडे सर्व मजेत आहोत. सर्व म्हणजे मी वर मजेत आहे अन् तुमची बहीण खाली मजेत आहे.

फोन न करता पत्र काहून लिहिलं, असं तुम्ही विचाराल. तर एक म्हणजे तुम्हाला कमी ऐकू येतं. मी इकडून हळूच सांगणार अन् तुम्ही तिकडून ओरडणार, "काय म्हनता? काडीमोड?" मग अख्ख्या उमरेडला बातमी. दुसरं म्हणजे आमचा जिना. वरचं खाली अन् खालचं वर इतकं साफ ऐकू येतं की मिस्त्रीनं जिना बांधला की भोंगा बसवला, कळत नाही. म्हणून पत्र. अन् पत्र आहे म्हणून मी आपलं शुद्ध लिहितो. मधेच राग आला तर मले-तुले होऊन जाईल, तेवढं सांभाळून घ्यावं.

तर विषय असा. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी चहा गाळता गाळता तुमची बहीण म्हणाली, "आहो, मले वाटते आता आपण वेगळं व्हावं." आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. चोथा तुळशीत टाकला, कप माझ्यापुढे ठेवला, साखर बरोबर. भैयाजी, मी कळमन्याच्या यार्डात जन्मभर मापारीपणा केला. पोतं काट्यावर चढायच्या आधी नजरेनं वजन सांगणारा माणूस मी. पण एवढं जड पोतं कोणी इतक्या हळू खाली ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, काहून वं? तर म्हणाली, "आपण नेपाळले जाऊन राहिलो, हे मले दूधवाल्यानं सांगतलं."

आता यातलं खरं काय ते ऐका. आमच्या रिटायर मापाऱ्यांची टोळी नेपाळला निघाली होती. मी आम्हा दोघांची नावं दिली. बायकोला फिरवायचं म्हणूनच दिली ना? कोणासाठी दिली? दूध बंद करायचं तर दूधवाल्याला आधी सांगावं लागते. संध्याकाळपर्यंत तिलाही सांगणारच होतो. पण तिनं तेवढ्यावर जुनं सगळं उकरून काढलं. म्हणे हा प्लॉट घेतला ते तिला तुमच्याकडून कळलं. मी रिटायर झालो ते हारवाल्याकडून. मयुरीसाठी स्थळ पाहून आलो ते म्हणे कटिंगवाल्याच्या बायकोकडून, हळदीकुंकवात, चार बायकांसमोर. म्हणे, तुम्ही माझ्याबद्दल साऱ्या गावाशी बोलता, फक्त माझ्याशी बोलत नाही. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? बातमी पोचली ना? पोतं गाडीनं गेलं काय की हमालाच्या पाठीवर गेलं काय, माल पोचल्याशी मतलब! पण बाईमाणसाला व्यवहार समजत नाही, अन् समजावत बसायचा माझा स्वभाव नाही. मी म्हणालो, तुझी मर्जी. (मानी माणसानं अशा वेळी दुसरं काय म्हणावं, तुम्हीच सांगा.) नेपाळला बाकीचे जाऊन आले. पशुपतिनाथाचा अंगारा तेवढा आम्हाला आला.

मयुरीला पुण्याला कळवलं तर ती फोनवर थोडी रडली अन् म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा आईशी बोला ना. मी म्हणालो, तूच बोल, अन् माझा निरोप सांग. त्यावर तिनं एक मोठा सुस्कारा टाकला, अगदी आईसारखा, अन् जरीपटक्यात तिची शाळेतली मैत्रीण वकिली करते, रोशनी, तिचा नंबर दिला. आम्ही दोघं एकाच स्कूटरवर गेलो. पोरगी मोठी गुणाची. लहानपणी आमच्याकडे पातोडीचा रस्सा खाऊन गेलेली, म्हणून तिनं आम्हाला काका-काकू म्हणत, एसी लावून, सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, दोघांचीही राजीखुशी असली तर कोणाची चूक दाखवावी लागत नाही. हे ऐकून माझा जरा हिरमोड झाला. मी पुष्पलताच्या चुका रस्ताभर पाठ करत गेलो होतो, त्या सगळ्या वाया गेल्या. पुढे म्हणाली, पण काका, अर्ज टाकायच्या आधी सलग एक वर्ष तुम्ही वेगळं राहिलेलं पाहिजे. मग अर्ज. त्यानंतरही कोर्ट आणखी सहा महिने देते, विचार करायला. पहिलं वर्ष मात्र पक्कं पाहिजे, अन् तसं शपथेवर लिहून द्यावं लागते.

आली पंचाईत! घर सोडायला आमच्यातलं कोणीच तयार नाही. घर माझ्या नावावर आहे, अन् ते बांधताना विटांवर पाणी मारलं तिनं. (हे तिनं रोशनीला दोनदा सांगितलं.) रोशनी म्हणाली, एका छपराखाली राहूनही वेगळं राहता येते, फक्त नवरा-बायको म्हणून राहायचं नाही. मी विचारलं, नवरा-बायको म्हणून राहायचं नाही म्हणजे नेमकं काय नाही करायचं? पोरगी बिचारी लाल झाली अन् टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसली. शेवटी म्हणाली, म्हणजे काका, संसार नाही करायचा. मी म्हणालो, समजलं.

अन् मला खरंच समजलं होतं. आपल्या कोष्ट्यांच्या घरांत वेगळं निघणं काय कोणाला शिकवावं लागते? माझा आजा अन् त्याचा भाऊ वेगळे निघाले तेव्हा काय केलं? चूल वेगळी केली, भांडी वाटली, मागाच्या खड्ड्यामधून कुडाची भिंत घातली, साक्षीला चार माणसं बोलावून एकत्रातलं शेवटचं जेवण केलं, झालं! आम्हीही घरी येऊन तेच केलं. दुसरी शेगडी आणली. साक्षीला शेजारच्या मीराबाईंना बोलावलं. त्यांना वाटलं पूजा आहे, त्या नारळ घेऊन आल्या. नारळ फोडला अन् अर्धा अर्धा वाटून घेतला. पुष्पलतानं शेवटचं जेवण असं केलं की मीराबाई म्हणाल्या, असं वरचेवर करत जा. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या एका घरात दोन झाल्या, अन् दोन्ही गॅसच्या. देव खाली राहिले, कूलर खाली राहिला (खिडकी तिथंच आहे), कॅलेंडर खाली राहिलं. मला पंखा, झाडू अन् कुकर आला. कुकर आला पण शिट्टी नाही आली, कारण शिट्टी धुऊन ओट्यावर ठेवलेली होती अन् ओटा तिच्या वाट्याचा. दुसऱ्या दिवशी हे सगळं रोशनीला अभिमानानं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, काका, हे भावाभावांचं झालं, नवरा-बायकोचं असं नसते. मी म्हणालो, बेटा, तू शिकलेली आहेस, पण वाटण्या आम्ही जास्त पाहिल्या आहेत.

आता मुद्द्यावर येतो, भैयाजी, कारण मुद्दा तुमचा आहे. तुम्ही लग्नात आंदण म्हणून वाट्या दिल्या होत्या, जाड बुडाच्या, आठवतात? त्यांची वाटणी करताना एक वाटी जास्तीची उरली, कारण तिची जोडीदारीण मयुरीनं शाळेच्या डब्यात हरवली. मी म्हणालो माझी, ती म्हणाली माझी. नाव पाहू म्हणून पालथी केली, तर बुडावर तुम्ही नाव टाकणाऱ्याकडून काय कोरून घेतलं आहे? "चि. बाबन व चि. सौ. कां. पुष्पलता यांस भैयाजीकडून." दोघांची नावं! अहो, एकाचं टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? नंतर पाहू म्हणून ती वाटी जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवली. बस, तिथंच सगळा घोळ झाला.

वर माझा स्वयंपाक सुरू झाला. पहिल्या दिवशी बेसन लागलं, दुसऱ्या दिवशी भात लागला, तिसऱ्या दिवशी मीराबाई गच्चीवरून विचारत होत्या की वायर जळून राहिली का कुठं. त्या दुपारी जिन्याच्या कठड्यावर चमचा वाजला. पुष्पलता माझ्याशी बोलली नाही, बरं का. बोलली असती तर कायद्याचा प्रश्न आला असता. तिनं नुसता चमचा वाजवला अन् ती आत गेली. मी खाली वाकून पाहतो तर मधल्या पायरीवर ती वाटी, अन् वाटीत पातोडीचा रस्सा, वर तेलाची लाल तर्री. भैयाजी, तिथंच जिन्यात बसून खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. (तिखटानं. तुमच्या घरचा मसाला तुम्हाला माहीत आहे.)

वाटी घासली, पुसली, खाली ठेवायला निघालो, अन् हात थबकला. भरून आलेली वाटी रिकामी कशी परत करायची? आपल्यात कोणी करते का? माझी आई तर म्हणायची, रिकामी वाटी वैऱ्याच्या घरून येते. आम्ही वेगळे निघालो होतो, वैरी नव्हतो झालो. पण माझ्या चुलीवर देण्याजोगं होतं काय? मीठ देऊ नये म्हणतात, भांडण होते. साखर होती, तीच भरली अन् ठेवली. संध्याकाळी चमचा वाजला. साखरेचा शिरा होऊन वर आला होता. आता शिऱ्याची वाटी रिकामी कशी पाठवायची? मी शेंगदाणे भरले, ते चटणी होऊन आले. कैरी ठेवली, मेथांबा होऊन आला. अंबाडी पाठवली तर भाजी, अन् वर भाकरीही, झाकण म्हणून. असं करता करता दिवाळी जवळ आली. एक दिवस चटणी बोटानं चाटता चाटता माझ्यातला मापारी जागा झाला. कच्चा माल माझा जाऊन राहिला, पक्का माल तिचा येऊन राहिला, अन् खाणारं तोंड घरचंच. याला संसार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मी जिन्यात उभा राहून खाली विचारलं, हे संसारात धरायचं का? ती ओट्यावरून म्हणाली, "धरा. मी काही कोर्टात खोटं लिहून देणार नाई." मीही नसतं दिलं. काट्यावर माशी बसली तरी मी वजन धरत नसे, माशी उडेपर्यंत थांबत असे. व्यापारी शिव्या द्यायचे. तर आम्ही दोघांनी राजीखुशीनं ठरवलं की वर्ष मोडलं, नव्यानं धरू.

नव्यानं धरलं. या वेळी वाटीबद्दल दोघंही सावध होतो. लोणचं जाईल, पण शिजवलेलं नाही, असं बोलणं झालं होतं. (ते बोलण्यासाठी आम्हाला जिन्यात चहा घेऊन बसावं लागलं. आयुष्यात आम्ही इतकं कधी बोललो नाही जितकं काय बोलायचं नाही हे ठरवताना बोललो.) पण मागच्या वर्षीचा नवतपा आठवतो? वर स्लॅब नुसता तवा झाला होता. ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलो तर तो आंबील पिऊन होईपर्यंत वाळायचा. एका दुपारी खाली कूलरची टाकी रिकामी घरघरताना ऐकू आली. तिच्या कंबरेत उसण भरली होती, बादली कशी उचलणार? माणुसकी म्हणून खाली गेलो, टाकी भरली, अन् पाणी बरोबर पडून राहिलं का, हे पाहायला कूलरसमोर जरा टेकलो. डोळे उघडले तेव्हा उन्हं उतरली होती. ती बाजूला बसून गहू निवडत होती, अन् माझ्या डोक्याखाली उशी होती. उशी कोणी ठेवली याचा तपास आजपर्यंत लागलेला नाही. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "मोडलं ना वर्ष?" मी म्हणालो, मोडलं. ती म्हणाली, "मंग उठूनच काय करता, अजून ऊन आहे." मी पुन्हा झोपलो.

तिसऱ्यांदा तर माझा काहीच दोष नव्हता. पाऊसपाणी लागल्यावर तिला ताप आला. आला तो उतरेना. खालचा चमचा-भांड्यांचा आवाज बंद झाला अन् माझं वर कशात लक्ष लागेना. दिवसभर जिन्यात कान लावून बसलो. शेवटी तांदळाची पेज केली, वाटीत घेतली अन् सरळ तिच्या खोलीत गेलो. तिनं दोन घोट घेतले, डोळे मिटले. मग रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईनं विचारलं, पेशंट तुमचे कोण? आता काय सांगायचं, भैयाजी? खोटं तर बोलायचं नाही. मी म्हणालो, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. तेवढ्या तापात तुमची बहीण हसली. अशी हसली की खोकला लागला, अन् त्या बाईनं मलाच दटावलं, पेशंटला हसवू नका. मला कसं वाटलं ते लिहीत नाही. खूप दिवसांनी हसताना पाहिली, एवढंच लिहितो.

ताप उतरला, अंगात ताकद आली, अन् एक दिवस ती जिन्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आता एक काय ते होऊन जाऊ द्या. असं लोंबकळत नाई राहायचं मले. आता कोणी मोडायचं नाई, वर्ष पूर्ण झालं की सरळ अर्ज टाकू." मी काय म्हणणार? म्हणालो, हो. तेव्हापासून चमचा वाजलेला नाही. दिवाळी आली, दोन चुलींवर दोन चिवडे झाले. संक्रांतीला तिळगूळ तिनं मीराबाईच्या हातून पाठवला, कारण मीराबाईकडून आलेलं धरायचं नाही. अन् यंदाचा हा नवतपा मी वर भाजून काढून राहिलो. खाली कूलर चालते, मला ऐकू येते, पण मी उतरत नाही. एकदा टाकी घरघरली होती. मी उठलो पण. तेवढ्यात तिनं मग्यामग्यानं भरली.

आता वर्ष भरायला एक पावसाळी महिना काय तो बाकी. मला त्याचं काही नाही. पण ती वाटी माझ्याजवळ आहे! पेज नेली होती ती वाटी मी धुवायला वर आणली, अन् त्यानंतर बंदी लागली. तेव्हापासून ती माझ्या फळीवर पालथी आहे. भरून खाली ठेवावी तर वर्ष मोडते अन् मोडायचं नाही हे तिनं सांगितलं आहे. रिकामी ठेवावी तर ते शेवटचं झालं. ते माझ्या हातून होणार नाही, सांगून ठेवतो! मले सांगा, एवढा घोर कोणी जिवाले लावून घ्यावा का? तेही एका वाटीपायी? रोज सकाळी फळीकडे पाहतो अन् चहा गोड लागत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. वाटी तुम्ही दिली. तुमच्या मनात देताना जे असेल ते लिहून कळवा, की ही वाटी मुलाकडची की मुलीकडची. माझी निघाली तर मी ठेवून घेतो, रिकामी परत करायचा प्रश्नच मिटला. तिची निघाली तर मग काय करायचं तेही तुम्हीच सांगा. मोठ्यांचा शब्द आम्ही दोघंही मोडणार नाही.

तुळसावहिनींना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर टाकायला सांगा. उन्हात फिरू नका, रुमालात कांदा ठेवत जा.

आपला,
बाबनराव

ता. क. उत्तर माझ्या नावावर टाका अन् पाकिटावर "वरचा मजला" असं मोठ्या अक्षरात लिहा.

ता. क. एक सांगायचं राहिलं. मागे मी रोशनीला फोन करून वाटीचं, उशीचं, पेजेचं सगळं सांगितलं होतं, कितीदा वर्ष मोडलं ते विचारायला. ती म्हणाली, काका, यातल्या कशानंही वर्ष मोडत नाही, तुमचं वर्ष केव्हाच भरलं, अर्ज कधीही टाकता येईल. कायदा वाटी नाही पाहत, मनात काय आहे ते पाहते. मग म्हणाली, काका, तुमच्या मनात काय आहे? मी म्हणालो, नेटवर्क जाऊन राहिलं, अन् फोन ठेवला. हे मी पुष्पलताला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. तिचा समज आहे की अजून महिना बाकी आहे, तो राहू द्या.

ता. क. वाटीचं जाऊ द्या हो. तुम्ही स्वतःच या. वहिनींचा डोळा नागपूरच्या डॉक्टरला दाखवायचा आहे असं निमित्त सांगा. आले की खालीच उतरा, जेवा, अन् सुपारी कातरता कातरता तिला म्हणा की हे कोर्टाचं आता सोडून दे. म्हणा, तो वर एकटा खंगून राहिला. म्हणा, त्याला करमत नाही, तुझ्या चमच्याची वाट पाहते, अन् तू अर्जावर सही करशील या धास्तीनं त्याची झोप उडाली. तुम्हाला आपणहून असं वाटलं, असं सांगा. माझं नाव बिलकूल घेऊ नका. अन् हे तुमच्या शब्दांत सांगा, माझ्या शब्दांत सांगितलं तर ती ओळखेल.

ता. क. उमरेडचा तुमचा नवा पत्ता अन् पिनकोड मला पाठ नाही, दरवेळी तीच घालते. म्हणून पाकीट मधल्या पायरीवर ठेवून देतो, ती पत्ता घालून पेटीत टाकून देईल. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही. तरी खबरदारी म्हणून भाताची शितं लावून पक्कं चिकटवलं आहे.

आहो,
तुमचा भात कच्चाच राहिला. पाकीट उघडंच आलं. सारं वाचलं मी, दोनदा.
रोशनीले मी तुमच्या अगोदर फोन केला होता. तिनं मलेही तेच सांगतलं, अन् तेच विचारलं. मी फोन नाही ठेवला, मी उत्तर दिलं. काय दिलं ते भैयाजीले सांगणार नाही, मीराबाईले सांगणार नाही, अन् मयुरीलेही नाही सांगतलं.
पत्र उमरेडले टाकून नाही राहिली. वर परत ठेवून राहिली. भैयाजीच्या तोंडून मले जे सांगायचं ठरवलं, थे तुमच्या तोंडून सांगा.
मी खालीच आहो.